खाऱ्या पाण्यात वापरलेलं रीळ: बादली बंद करा, पान्हा इतक्यात काढू नका

तुमची तक्रार थोडक्यात अशी: गुहागरच्या खडपावरून मासे गरवता, आणि रॉडवरचं ४००० साइझचं (मध्यम आकाराचं) स्पिनिंग रीळ, म्हणजे गळाची दोरी (लाइन) गुंडाळायचं यंत्र, दोन महिन्यांतच खरखरायला लागलं. घरी आलात की रात्रभर गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवता, तरी असं का? आणि पावसाळ्याआधी सगळं उघडून ग्रीस भरावं का?

आधी बादलीचं बोलू. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. रीळ बुडवलं की बाहेरचं मीठ विरघळतं खरं, पण तेच पाणी रोटरखालून (हँडलबरोबर फिरणाऱ्या भागाखालून), शाफ्टच्या कडेने आणि हँडलच्या बाजूने हळूहळू आत मुरतं. सकाळी तुम्ही बाहेरून पुसता. आत गेलेल्याला मात्र बाहेर यायला वाट नसते. 'माझं सीलबंद आहे' यावरही जाऊ नका. पेन कंपनीच्या स्पिनफिशर ६ या रिळावर आयपीएक्स ५ (पाणी किती अडतं त्याचा दर्जा) लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पाण्याच्या फवाऱ्याला टिकतं. बुडवून ठेवण्याची चाचणी वेगळी, तिचा आकडा ७ पासून सुरू होतो.

खरं नुकसान समुद्रावर कमी आणि कपाटात जास्त होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तेच हे. कोकणातल्या हवेत रिळावर राहिलेला कण जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओलाच राहतो. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा स्क्रू असेल तर त्या ओलीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्पूलच्या (लाइन गुंडाळते त्या फिरकीच्या) कडेला पांढरी भुकटी दिसते ना, ती मीठ नसून बऱ्याचदा गंजलेलं ॲल्युमिनियमच असतं.

म्हणून धुवायचं त्याच संध्याकाळी, मीठ सुकायच्या आत. रीळ रॉडवरच राहू दे. ड्रॅगचा (मासा ओढतो तेव्हा लाइन किती ताणावर सुटावी ते ठरवणाऱ्या ब्रेकचा) नॉब पूर्ण आवळा, म्हणजे वॉशरांत पाणी जाणार नाही. मग झाडांवर मारायच्या स्प्रेने किंवा मंद शॉवरने अर्धा मिनिट धुवा. गाडी धुवायचा पाइप जोरात मारलात तर मीठ आत ढकलाल. झटका, फडक्याने टिपा, हँडलचे चार फेरे घ्या. नंतर ड्रॅग सैल करून स्पूल काढा आणि सगळं पंख्याखाली सावलीत सुकवा. ओलं रीळ निओप्रीनच्या पिशवीत कोंबणाऱ्यांना माझा दंडवत.

पाणी कुठलं वापरता तेही बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. जिभेला चव लागली तर शेवटचा फवारा पिण्याच्या पाण्याचा मारा, लिटरभर पुरतं.

बादलीचा एक उपयोग मात्र आहे. ब्रेडच्या, म्हणजे धाग्यांनी विणलेल्या लाइनच्या, विणीत खारं पाणी अडकून बसतं आणि खालून स्पूल खातं. ड्रॅगचे वॉशर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने बाजूला ठेवा आणि नुसतं स्पूल लाइनसकट पंधरा मिनिटं बुडवा. पूर्ण वाळल्यावरच वॉशर परत बसवा.

तेलाबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. डब्ल्यूडी-४० पाणी हटवतं, पण ग्रीसही पातळ करून धुऊन नेतं. आत मारू नका. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि खवट होऊन चिकटतं. रिळाचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, फक्त लवकर उडतं, म्हणून पुन्हा पुन्हा घालावं लागतं. थेंब कुठे? लाइन रोलर (लाइन ज्यावरून वळते ती छोटी चाकी), हँडलची मूठ, बेलचे (लाइन धरून स्पूलवर आणणाऱ्या तारेच्या कमानीचे) सांधे. एकेक थेंब, बास. गिअरला ग्रीस, तेही पाण्याने न धुपणारं, बोटींसाठी मिळतं तसलं. ट्रकचं जाड ग्रीस भरलंत तर हँडल जड होईल. अँटी-रिव्हर्सच्या क्लचमध्ये ग्रीस अजिबात नको: आतल्या बारीक दांड्या चिकटतात आणि मासा लागल्यावर हँडल उलटं फिरतं. डायवा कंपनीचं मॅगसील रीळ असेल तर त्या सीलजवळ तेल सोडू नका, तिथे चुंबकाने धरलेलं खास तेल असतं.

आता तुमची खरखर. लगेच सगळं उघडू नका, आधी ती कुठून येते ते शोधा. रॉडमधली लाइन ताणून हँडल फिरवा. ताणाखालीच आवाज येत असेल तर संशय लाइन रोलरवर. रोलर फिरतोय का ते बघा. अडकलेल्या रोलरला ब्रेड खाच पाडते आणि ती खाच पुढे ब्रेडच तोडते. खडपावर लाटेचा शिंतोडा खाणाऱ्या रिळात पहिलं या रोलरचंच बेअरिंग जातं, आणि तुमचंही तेच असावं असं मला वाटतं. एक स्क्रू काढला की ते हातात येतं. व्हर्नियरने मोजा: पुष्कळ रिळांत ४ मिमी भोक, ७ मिमी व्यास, २.५ मिमी जाडी असते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा जवळच्या बेअरिंगवाल्याकडे जुनं घेऊन जा आणि स्टेनलेसच मागा.

लाइन सोडून, स्पूल काढूनही खरखर राहिली तर बिघाड बॉडीत आहे. मगच उघडा, तेही बॉक्समधला पार्टांचा नकाशा समोर ठेवून, प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढत. ग्रीसमुळे दोन पातळ शिम (चकत्या) एकमेकींना चिकटून एकच वाटतात, नखाने तपासा. जपानी रिळांना जेआयएस (जपानी मानकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो. साध्या फिलिप्सने डोकं घासतं आणि मग तो स्क्रू कुणाच्या बापाला निघत नाही. बेलची स्प्रिंग काढताना हात पारदर्शक पिशवीत घालून काढा, उडाली तरी पिशवीतच राहील.

रोलर आधी बघा आणि काय निघालं ते फोटोसकट टाका. बॉडी उघडायची की नाही ते त्यानंतर ठरवू.