ग्राफिक कार्ड विचारलंस म्हणून

अरे, तुझा मेसेज बघितला, "दादा साठ हजारात गेमिंग पीसी बसेल का, ग्राफिक कार्ड कुठलं टाकू". सांगतो, पण आधी जरा ऐक, वैतागू नको.

मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा कॉलेजसमोरच्या सायबर कॅफेत पडीक असायचो. २००४ ची गोष्ट, काउंटर स्ट्राइक, तासाला वीस रुपये, कॅफेवाला वहीत टाइम लिहायचा आणि आम्ही त्याची नजर चुकवून दहा-पंधरा मिनिटं ओढायचो. पैसे संपले की तो म्हणायचा दोन नेटवर्क केबल क्रिम्प करून दे, म्हणजे आतल्या वायरी रंगांच्या क्रमाने लावून टोकाला प्लग दाबून दे, आणि खेळ फुकट. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा... पुढचा क्रम आजही झोपेत सांगेन. पहिली नोकरी मला नेटवर्किंगची लागली ती त्या वायरींच्या जोरावर, कारण डिग्रीला तोवर वायडी लागली होती, म्हणजे नापास होऊन वर्ष गेलं होतं. एम-थ्रीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री "एक मॅच मारतो आणि अभ्यासाला बसतो" म्हणून गेलो आणि परत आलो तेव्हा जिन्यात दूधवाला भेटला. बाबांनी दार उघडलं, काहीच बोलले नाहीत, ते अजून टोचतं.

म्हणून मला गेम्सना शिव्या घालता येत नाहीत आणि तू परवा पाठवलेला तो फॉरवर्ड, "गेमर सर्जन जास्त भारी असतात", तो वाचून नाचताही येत नाही. तो अभ्यास खरा आहे बरं का, २००७ चा, अमेरिकेतला, दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या सरावात गेम खेळणाऱ्या डॉक्टरांच्या चुका ३७ टक्के कमी निघाल्या. पण नीट वाच, मोजलेले ३३ च डॉक्टर होते आणि त्यातले जास्त खेळणारे म्हणजे आठवड्याला तीन तासांच्या वर. आठवड्याला! तुझे तीन तास तर रात्रीच्या जेवणाआधीच होतात.

तरी तासांवरून मी तुला बोलणार नाही. डब्ल्यूएचओने गेमिंग डिसऑर्डरला आजारांच्या यादीत घेतलं, ती यादी २०२२ पासून लागू झाली, त्यातही तासांचा आकडा नाहीये. थांबता येतं का, बाकी सगळं मागे पडतंय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का, एवढंच बघतात. तू स्वतःला एकच गोष्ट विचार, हरल्यावर उठता येतं का? जिंकून उठणं सोपं असतं रे. मी त्या रात्री सलग हरत होतो, म्हणून तर बसून राहिलो.

आणि ते क्रेट, गेममधले ते पैसे देऊन उघडायचे डबे, आत काय निघेल ते नशिबावर. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन गेम्सवर कायदा आला तेव्हा तू म्हणालास आपण कुठे रमी खेळतो, ठीक आहे, पण यूसी, म्हणजे गेममधलं चलन, खऱ्या पैशांनी घेऊन क्रेट उघडताना तुझा अंगठा मी बघितलाय, गणपतीत, आरती चालू असताना. कधी लागेल ते कळत नाही म्हणूनच परत दाबावंसं वाटतं, मटक्यावाल्याला हे आपल्या आजोबांच्या आधीपासून माहितीये. क्रेटवर पैसे घालायचे नाहीत, एवढं मात्र मी दादागिरीने सांगतो.

बाकी खेळ. स्क्वाडला आधीच सांगून ठेव की साडेदहाला मी निघणार, पोरं चिडवतील दोन दिवस, मग त्यांनाच सवय होते. झोपायच्या आधी रँक मॅच नको, डोकं तापलेलं राहतं आणि मग दोन वाजेपर्यंत रील्स.

आता पीसी. साठ हजारात बसेल, कार्ड सेकंडहँड बघू, पण समोर चालवून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, पुढच्या रविवारी मी येतो. जोडायचा मात्र तू, मी फक्त स्क्रू धरणार. आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, चांगल्या कंपनीचा घे, तिथे हजार रुपये वाचवायला जाऊ नको, माझा एक मदरबोर्ड जळालाय त्यापायी.