मक्याऐवजी ज्वारी घालून एन्झाइम टाकलं तर ब्रॉयलरला चालेल का?

शहापूरला हजार पक्ष्यांची शेड, मका परवडत नाही, म्हणून ज्वारी घालून वर एन्झाइम (खाद्य पचायला मदत करणारं द्रव्य) टाकायचं, असा तुमचा बेत. मी मुरबाडकडे ब्रॉयलर करतो, खाद्य स्वतः भरडतो. ज्वारी चालते. पण एन्झाइमच्या भरवशावर वाटेल ती ज्वारी आणू नका.

पोतं घ्यायच्या आधी चार दाण्यांची साल ब्लेडने खरवडून बघा. खाली गडद तपकिरी थर दिसला की टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आहे समजा. नुसत्या लाल रंगावर जाऊ नका, लाल दाणा बिनटॅनिनचाही असतो. टॅनिन प्रथिनं धरून ठेवतं, आणि एन्झाइममध्ये फायटेज म्हणा (फॉस्फरस सोडवणारं), झायलनेज म्हणा (धान्यातले तंतू तोडणारं), त्यातलं काहीच टॅनिन तोडत नाही. मालदांडीत ही भानगड नाही, पण ती भाकरीची ज्वारी, कोंबड्यांना घालायला परवडते कुणाला? आपल्या वाट्याला येते पावसात भिजलेली खरिपाची. तिला बुरशीचा वास असेल तर फुकटही नको. (ज्वारीने विष होतं म्हणतात ते कोवळ्या हिरव्या ताटांचं, वाळल्या दाण्याचं नाही.)

माझी पहिली बॅच भरड्यावर फसली. मक्याची जाळी बदलली नाही, बारीक दाणा बराचसा अख्खाच खाली पडला. चार दिवसांनी फीडर उलटा केला तर पिल्लांनी दाणे तेवढे वेचलेले आणि तळाशी सोया, क्षार, प्रिमिक्सची (जीवनसत्त्वांच्या मिश्रणाची) पिवळट भुकटी जशीच्या तशी. महागाचं एन्झाइमही त्या भुकटीतच! एकाच वयाचे पक्षी, एक कबुतराएवढा तर दुसरा विकायला आलेला. आता ३ मिमीची जाळी लावतो.

एन्झाइममध्ये पैसे घालायचेच तर फायटेजमध्ये घाला. दाण्यातला बराच फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, तो सुटतो. किलो खाद्याला ५०० युनिट ही नेहमीची मात्रा. मात्र त्या हिशेबाने डीसीपी (फॉस्फरससाठी घालतात ते डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी केलं नाहीत तर खर्च वाढेल, वाचणार काही नाही. झायलनेजचा गव्हात दिसतो तसा गुण ज्वारीत दिसत नाही. एन्झाइम टनाला अगदी थोडंच पडतं, त्यामुळे आधी पाच-दहा किलो भरड्यात नीट कालवा, मगच मोठ्या ढिगात.

ज्वारीत प्रथिनं मक्याहून थोडी जास्त, पण लायसीन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) कमी. ते वेगळं वाढवावंच लागतं. तेलही थोडं कमी पडतं.

पहिल्या बॅचला पाव हिस्साच मका काढा, तोही पिल्लं तीन आठवड्यांची झाल्यावर. आणि पक्ष्यांचे पाय फिके दिसतील, मक्याचा पिवळा रंग ज्वारीत नसतो. साल काढून विकणाऱ्याला त्याचं काही नाही, पण जिवंत पक्षी उचलणारा व्यापारी पाय बघून भाव पाडायला बघतो. त्याला आधीच सांगून ठेवा.