‘दादा, कुणाला सांगू नका’

वसतिगृहात मजला प्रतिनिधी म्हणून काम करणारे विद्यार्थी समुपदेशनासाठी माझ्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: धाकट्या मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट रेक्टरांच्या कानावर घातली, तर तो विश्वासघात ठरतो का?

नेरूळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी याच पेचात सापडून वाशीच्या माझ्या कक्षात आला होता. (लिहिण्यास त्याची आणि त्या धाकट्या मुलाची संमती आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वसतिगृहाच्या शुल्कातील सवलतीच्या बदल्यात रात्रीची हजेरी, मेसच्या तक्रारी आणि नव्या मुलांची विचारपूस एवढी कामे त्याच्याकडे होती. पहिल्या वर्षाच्या एका मुलाला दोन विषयांत केटी लागली, म्हणजे तो त्यांत नापास झाला, तेव्हा त्याने या प्रतिनिधीला गच्चीच्या जिन्यात गाठून ‘जगावंसंच वाटत नाही’ असे सांगितले आणि लगेच शपथ घातली, ‘दादा, कुणाला सांगू नका, बाबा शिक्षणच बंद करतील.’ याने शपथ घेतली. तेव्हापासून याचीच झोप उडाली होती. त्याने मला मोबाइल दाखवला, तर त्यात ‘जेवलास का?’, ‘झोपलास का?’ असे संदेश एकाखाली एक होते आणि उत्तर प्रत्येक वेळी ‘हो’ एवढेच होते.

त्या मुलाचा खोलीतला जोडीदार गावी गेला आहे हे कळल्यावर बोलणे लांबवण्यात अर्थ नव्हता. त्याच्याजवळ कुणीतरी थांबेल अशी व्यवस्था आम्ही फोनवरून आधी केली आणि मग पुढे काय बोलायचे ते ठरवले. मी त्याला म्हटले, ‘रेक्टरांकडे जाण्यापूर्वी त्या मुलाला सांग. त्याच्या नकळत जाऊ नकोस.’ जीव धोक्यात असताना सांगायचे की नाही हा पर्याय उरत नाही. कसे सांगायचे, एवढे मात्र त्या मुलाच्या हाती ठेवता येते. म्हणून आम्ही वाक्य ठरवले ते असे: ‘मी शपथ घ्यायला नको होती. मी सरांना सांगणार आहे. तू माझ्याबरोबर येतोस, की मी आधी बोलू?’ आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जाईल, अशी भीती त्यालाही होती; ती निराधार आहे, उलट विचारल्याने बहुतेकांना मोकळे वाटते. रात्रीअपरात्री कुणी हाताशी नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, हेही त्याला लिहून दिले.

रेक्टरांना किती सांगायचे, हा प्रश्न मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ आम्हा व्यावसायिकांनाही अशा वेळी जिवाचा धोका टाळण्यापुरतीच माहिती उघड करण्याची मुभा देतो; मग विद्यार्थी प्रतिनिधीने वडिलांचा स्वभाव, मुलाची मैत्री, घरची उधारी हे सगळे पोहोचवण्याचे कारण काय? रॅगिंगच्या बाबतीतही गुप्ततेचे वचन टिकणारे नसते. महाराष्ट्रात १९९९पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांनुसार गुन्हा घडल्याचे दिसल्यास संस्थाप्रमुखाला माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांत प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) दाखल करावा लागतो.

मात्र या प्रतिनिधीची अडचण केवळ शपथेची नव्हती. गच्चीवर सिगारेट कोण ओढतो, रात्री उशिरा कोण येतो, याची नावे रेक्टर त्याच्याकडूनच मागत असत आणि त्यामुळे मजल्यावर त्याला ‘सरांचा खबऱ्या’ म्हणत. जिवाची बातमी आणि सिगारेटची बातमी एकाच तोंडून जाऊ लागली, की मुले दोन्ही लपवतात. काय कळवायचे आणि काय नाही हे संस्थेने लेखी द्यायला हवे होते. ते न देता वीस वर्षांच्या मुलावर सारे सोपवणे मला गैर वाटते.

धाकटा मुलगा बरोबर आला नाही, पण अडवलेही नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले, आणि वडिलांशी रेक्टर माझ्यासमक्ष बोलले. ते काम प्रतिनिधीचे नव्हते. सत्र संपेपर्यंत तो मुलगा याच्याशी बोलला नाही. ‘माफी मागू का?’ असे याने विचारले, तेव्हा मी म्हटले, ‘शपथ घेतल्याबद्दल माग, सांगितल्याबद्दल नको.’

नव्या वर्षाच्या पहिल्या बैठकीत त्याने मजल्यावरच्या मुलांना स्पष्ट सांगितले, की जिवाला धोका, मारहाण किंवा रॅगिंग असेल तर मी गप्प बसणार नाही, बाकीचे माझ्यापाशी राहील. यानंतर त्याच्याकडे कुणी फिरकणार नाही, असे रेक्टरांना वाटत होते. मुले येतच राहिली. बहुतेक जण मेसच्या भाताची तक्रार घेऊन, आणि एखादा इतरांची पाठ वळल्यावर.