नाताळात चिमुकल्यांचं गाणं शेवटी ठेवू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि ओळखीचं दुखणं दिसलं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली चर्चची मंडळी, नाताळच्या कार्यक्रमात 3 ते 8 वयाची 22 मुलं, चर्चच्या अंगणात मांडव, कार्यक्रम सहाला सुरू. आणि गेल्या वर्षी मुलांची पाळी आली नऊनंतर. निम्मी रडली, मेंढपाळ झालेली दोन मुलं खुर्चीतच झोपली. तालीम कुठे कमी पडली, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते तालीम कमी पडलीच नाही. कार्यक्रमपत्रिका चुकली.

गाणं निवडणं, आयांना निरोप देणं, पोशाखाचे पैसे गोळा करणं हे तुम्हाला येतंच, म्हणून ते सोडते.

आम्हाला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. पत्रिका छापायला जाण्याआधी मुलांच्या कार्यक्रमाची वेळ आम्ही लेखी दिली नव्हती. नुसतं 'बालगोपाळांचं गाणं' एवढंच दिलं. कमिटीने ते शाल-श्रीफळ, सत्कार आणि तीन भाषणांच्या खाली टाकलं. बदलून मागितलं तर उत्तर मिळालं, "आता छापून झालं." खरं कारण वेगळं असतं. लहान मुलं शेवटी ठेवली की आईबाप उठून जात नाहीत, पाहुण्यांसमोर मांडव भरलेला दिसतो. गर्दी धरून ठेवायला तीन वर्षांच्या पोरांना वापरणं मला अजिबात पटत नाही, हे स्पष्टच सांगते.

एवढं लहान मूल पोशाखात फार तर पाऊण तास धड राहतं. मग भूक लागते, शू लागते, देवदूतांचे पंख वाकतात. आपल्याकडे 25 डिसेंबरला सहानंतर लगेच सूर्य बुडतो आणि उघड्या अंगणात गारठा चढतो, तोही धरा.

म्हणून नोव्हेंबरातच कमिटीला एक कागद द्या. प्रत्येक कार्यक्रमापुढे मिनिटं लिहा आणि स्टेजवर चढ-उतार करायला प्रत्येकी 3 मिनिटं वेगळी धरा. प्रार्थना आणि एक गीत 10 मिनिटं, लगेच लहान मुलं, साडेसहाच्या आत ती मोकळी. त्यानंतर मोठ्यांचं नाटक, मग भाषणं. गर्दीची काळजी असेल तर मुलांचा खाऊ आणि बक्षिसं शेवटी ठेवा, आईबाप थांबतात. बेरीज तळाशी लिहाच, कारण 2000 सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे उघड्यावरचा स्पीकर रात्री 10 ला बंद करावा लागतो, शिवाय आधी लेखी परवानगी लागते. काही दिवसांसाठी सरकार 12 पर्यंत सूट देऊ शकतं, पण त्यावर विसंबू नका, पोलीस ठाण्यात विचारून घ्या. मी वकील नाही. पण दहाची बेरीज कागदावर दिसली की भाषणं आपोआप आखूड होतात.

आता स्टेज. 3 ते 5 वयाला दोन मिनिटांचं हातवाऱ्यांचं एकच गाणं द्या, संवाद नको. 6 ते 8 ला प्रत्येकी एक वाक्य, पाच ते सात शब्दांचं. मुलं गाण्याच्या मागे पडतात त्याचं कारण बहुतेकदा स्पीकर असतो. मोठे बॉक्स लोकांकडे तोंड करून असतात, मुलं त्यांच्या मागे उभी, त्यांना ट्रॅक धड ऐकूच येत नाही. एक छोटा बॉक्स मुलांकडे तोंड करून ठेवायला लावा, पण माइकच्या थेट समोर नको, नाहीतर शिट्टी वाजते. माइक हातात देऊ नका, फुंकत बसतात. हनुवटीच्या उंचीचा स्टँड, पाच-सहा मुलांमागे एक. ट्रॅकचा फोन वायरनेच जोडा आणि एअरप्लेन मोडवर टाका, गाण्याच्या मध्येच कुणाचा तरी फोन येतो.

हार्मोनियमवर बसवणार असाल तर मोठ्यांची पट्टी लादू नका. या वयाचा गळा साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी दोन ते पांढरी सहा (इंग्रजी D ते A) एवढ्यातच मोकळा असतो. चालीतला सगळ्यात खालचा आणि वरचा सूर त्यात बसेल असा 'सा' धरा.

मेंढपाळांना खरं घोंगडं देऊ नका. ते टोचतं, जड होतं आणि मूल स्टेजवर खाजवत उभं राहतं. मांजरपाटाचा सैल सदरा आणि खांद्यावर घोंगडीरंगाचा पातळ तुकडा पुरतो. काठ्या नकोतच, मारामारी होते. गव्हाणीत भाताचं पिंजर (पेंढा) असेल तर जवळपास मेणबत्ती अजिबात नको, सेलवरचे दिवे आणा. कापसाची दाढी आणि पेटती वात एका स्टेजवर येऊ देऊ नका, यात तडजोड नाही.

उभं राहायच्या जागी रंगीत चिकटपट्टीची फुली मारा आणि त्याच स्टेजवर, त्याच पोशाखात एक तालीम आधी घ्या. पंख पहिल्यांदा त्याच संध्याकाळी दिसले की मुलं घाबरतात. मरीयेचे शब्द दोन मुलींना पाठ असू द्या, त्या दिवशी एकीला ताप येतोच. हेरोद राजाने करवलेल्या बालकांच्या वधाचा प्रसंग या वयाकडून करवू नये असं माझं मत आहे, पाळकसाहेबांशी बोलून ठरवा.

आपल्या सीमाभागातली एक गोष्ट. कन्नड शाळेतल्या मुलांना मराठी वाक्य कन्नड लिपीत लिहून दिलंत तर पटकन पाठ होतं. फक्त 'चांदणी'तला 'च' ती 'चहा'तल्यासारखा म्हणतात, तो कानाने दुरुस्त करून घ्या. आणि 'गव्हाणी' म्हणजे काय हे शेजारच्या गोठ्यात नेऊन दाखवा, मग बाळ हळू ठेवायला वेगळं सांगावं लागत नाही.

पाच मुलांमागे एक मोठं माणूस स्टेजच्या कडेला हवं. मूल रडलं तर आईने शांतपणे उचलून न्यावं, ओढून परत उभं करू नये. पत्रिका छापायला कधी जाणार आहे ते आजच विचारा.