रीफ टँकसाठी इमर्जन्सी फंडाला हात लावू का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की सहा महिन्यांच्या खर्चाइतका इमर्जन्सी फंड साठलाय, त्यातले दोन महिन्यांचे पैसे काढायचे, बाकीचं कर्ज घ्यायचं आणि ३०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरल म्हणजे प्रवाळ वाढवायचा), कोरल, दोन मॅक्झिमा क्लॅम (मोठे जिवंत शिंपले) सगळं एकदम आणायचं, नंतर कोरलचे फ्रॅग, म्हणजे वाढलेल्या कोरलचे तुकडे, विकून हप्ते निघतीलच. टँक घ्या, माझी हरकत नाही, पण या पद्धतीने नको.

आधी फ्रॅगचं बोलू कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा केलाय तुम्ही. झोअँथिड, मश्रूम या प्रकारचे कोरल भराभर वाढतात, म्हणूनच ते सगळ्यांकडे असतात आणि बरेचदा अदलाबदलीतच जातात. भाव येतो तो ॲक्रोपोरासारख्या स्टोनी (कडक सांगाड्याच्या) कोरलना, आणि त्यांना अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) महिनोन्‌महिने स्थिर लागते, नवीन टँकमध्ये नेमकं तेच जमत नाही. पहिल्या वर्षीचं उत्पन्न शून्य धरा. काही आलंच तर टँकच्या पाण्यात लागणाऱ्या मिठाला लावा.

मिठावरून आठवलं, तुमच्या यादीत लाइट, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), पंप सगळं आहे पण महिन्याचा खर्च कुठेच नाही!! आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तरी ३० लिटर होतं, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे आठवड्याला किलोभर आणि वर्षाला ५० किलोच्या वर. विजेचं बघा, १५० वॅटचा लाइट १० तास, पंप-वेव्हमेकर-स्किमर मिळून ९० वॅट चोवीस तास आणि ३०० वॅटचा चिलर (पाणी थंड ठेवणारा) ८ तास चालला तर दिवसाला सहा युनिट, महिन्याला १८० च्या आसपास. वर पाणी शुद्ध करायचं डीआय रेझिन, टेस्ट किट, पाण्यात कॅल्शियम-अल्कलिनिटी टाकत राहणं (डोसिंग), आणि क्लॅम शिंपला वाढवायला तेच ओढून घेतो, त्यामुळे ते वाढतच जातं.

आता मजा अशी की टँक स्वतःच तुम्हाला टप्प्याटप्प्याने खर्च करायला लावतो. सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये तयार होणं) व्हायलाच चार-सहा आठवडे जातात, मग दोन-चार मासे, मग सॉफ्ट कोरल, आणि क्लॅम तर सहा-आठ महिन्यांच्या आत आणूच नये. मग आज कर्ज कशासाठी काढायचं? ज्या क्लॅमला अजून पाण्यात जागाच नाही त्याचं व्याज भरत बसणार का. आणि क्लॅम गेला की पूर्ण गेला हो, कोरलसारखा तुकडा काढून मित्राकडे ठेवता येत नाही, वर मेलेला वेळेत काढला नाही तर पाणी नासवतो ते वेगळंच.

जुनं सामान घेऊन वाचवायचं म्हणता, स्किमर, पंप जरूर घ्या. पण ज्या टँकमध्ये माशांना कॉपरचं औषध दिलंय तो फुकट मिळाला तरी नको, कोरल आणि क्लॅमला कॉपर विष आहे. हीटरही जुना नको. माझा एक हीटर चालू अवस्थेतच अडकला होता, सकाळी उठून बघतो तर पाणी गरम आणि दोन वर्षांत वाढवलेले कोरल पांढरे. वेगळा टेंपरेचर कंट्रोलर लावला असता तर हीटर आपोआप बंद झाला असता, आणि तो एका चांगल्या कोरलपेक्षा स्वस्त पडतो. त्याला आणि लाइट गेल्यावर चालणाऱ्या बॅटरीच्या एअर पंपाला मी विम्याचा हप्ताच म्हणतो, ते यादीत सगळ्यात वर टाका.

तर फंड सहा महिन्यांचा तसाच राहू द्या. जो हप्ता भरायची तयारी होती तो अधिक वर काढलेला महिन्याचा खर्च, एवढी रक्कम आजपासून वेगळ्या खात्यात टाका. चार महिने न चुकता जमलं तर त्यातून टँक, पंप, मीठ घ्या आणि पाणी सुरू करा, रक्कम टाकणं चालूच ठेवायचं. मध्येच दोनदा ते पैसे घरखर्चाला काढावे लागले तर साइज १५० लिटरवर आणा, तेवढ्यातही सॉफ्ट कोरल मस्त होतात, फक्त छोट्या टँकमध्ये पाणी लवकर बिघडतं हे लक्षात ठेवा. आणि क्लॅम घ्याल तेव्हा फार्ममध्ये वाढवलेला एकच घ्या, कागदपत्रं मागून घ्या, कारण क्लॅम आणि स्टोनी कोरल दोन्ही सायटीसच्या (धोक्यातल्या जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीत आहेत आणि कागद नसलेल्या जिवावर टाकलेला पैसा जप्तीत जाऊ शकतो.