उत्तर: 'दूत' क्लासचा आकडा काढून टाका

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या भूमिका-खेळाबद्दलची वेंगुर्ल्याच्या तुमच्या ग्रुपची पोस्ट दोनदा वाचली. घरी बनवलेला 'दूत' क्लास (पात्राचा प्रकार), पाचव्या लेव्हलला पर्सुएशन (मन वळवण्याचं कौशल्य) +१०, वर कायमचा ॲडव्हांटेज (वीसबाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा). राजदरबाराचा प्रसंग एका रोलमध्ये आटपला आणि बाकीचे चौघे मोबाइल बघत बसले. लढाई लागली की उलट, दूतवाला रिकामा. गेम मास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) मते क्लास अति ताकदवान, दूतवाल्याच्या मते दुबळा. दोघांचंही बरोबर आहे. याच दुखण्यात मी बराच काळ काढलाय, म्हणून सविस्तर लिहितो. (हे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांवर आहे. तुमचे घरचे नियम वेगळे असतील तर तेवढं वगळा.)

क्लास तक्ता कसा मांडायचा वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो. आधी हिशोब बघा. करिश्मा (व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव) १८ चे +४, प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) +३ एक्स्पर्टीजने (खास प्रावीण्याने) दुप्पट, झाले +१०. डीसी (यशासाठी फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) १५ ला यशाची शक्यता ८० टक्के, ॲडव्हांटेजसह ९६. तुमच्या फायटरचा करिश्मा ८, प्रोफिशियन्सी नाही, त्याची शक्यता २५ टक्के. तो दरबारात तोंड उघडेल कशाला? बोलला तर ग्रुपचंच नुकसान. दूताचा आकडा जितका वाढवाल तितके बाकीचे गप्प होत जाणार. साडेतीन आवृत्तीत (२००३) हेच झालं होतं. हाडवैऱ्याला थेट मदतनीस करायचा डीसी ५०, मग समोर गावचा पाटील असो की सम्राट. बोनस साठवत गेलेला खेळाडू तिथे पोचला की संपलंच.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका प्रकाशकाच्या परीक्षण विभागाने. नाव लिहीत नाही. त्यांनी नवे क्लास मागवले होते, मी पाठवला. उत्तर आलं, 'दर राउंडला सरासरी डॅमेज किती, तो तक्ता जोडा.' मी कळवलं की हा क्लास डॅमेजसाठी नाही, तो इतरांना संधी मिळवून देतो. पुन्हा तेच उत्तर, या वेळी तक्त्याचा नमुना जोडून. मग खंजिराचा हल्ला घातला, तर म्हणे 'रोग' (Rogue, लपूनछपून वार करणारा क्लास) याच्या फार जवळ गेला. काढला, तर म्हणे लढाईत निरुपयोगी. दर वेळी उत्तर देणारा माणूस वेगळा, आणि आधीचा पत्रव्यवहार त्याने वाचलेला नसायचा. टेबलावर एकदाही कोणी तो खेळून पाहिला नाही. दरबाराचा एक प्रसंग खेळले असते तरी कळलं असतं! वर अट अशी, की निर्णय होईपर्यंत क्लास दुसरीकडे कुठेही दाखवायचा नाही. शेवटी एका ओळीचा नकार, 'आमच्या मालिकेत बसत नाही.' तोवर ज्यांच्याबरोबर तो घडवला ती मंडळी पुण्याला नोकरीला निघून गेली होती. चार माणसं दर आठवड्याला एका टेबलाशी जमवणं रत्नागिरीत किती कठीण आहे हे तुम्हाला सांगायला नको. त्याचा राग मला आजही आहे. म्हणून कळकळीने सांगतो, डॅमेजच्या तक्त्यावर हा क्लास कोणालाही मोजू देऊ नका.

मग मोजायचा कशावर? बाकीच्यांना त्याने काय करायला मिळतं यावर. आणि त्यासाठी आपल्याला लांब जायची गरज नाही. गावच्या देवळात गाऱ्हाणं कोणी घालायचं हे आवाजावर ठरत नाही, मानावर ठरतं. शिमग्याला पालखी आधी कोणाच्या दारात, यावरून भावकीत अबोला धरलेला आपण पाहतोच. म्हणजे अशा माणसाच्या हाती असतं काय? ओळखी, मान आणि जुनी देणीघेणी. तेच क्लासमध्ये उतरवा.

माझ्या आत्ताच्या आराखड्यात पर्सुएशनला एकही जादा बोनस नाही. पहिली क्षमता 'कानोसा'. बोलणी सुरू होताना ठरलेल्या यादीतला एक प्रश्न विचारायचा: याला भीती कशाची, हा कोणाच्या शब्दाबाहेर नाही, याला आज काय हवंय. गेम मास्टरने खरंच उत्तर द्यायचं. त्या माहितीवर जो दुसरा खेळाडू बोलेल त्याला ॲडव्हांटेज, दूताला नाही. ही अट काढू नका, क्लास तिच्यावरच उभा आहे. दुसरी 'उपकार'. कॅरेक्टर शीटवर नावानिशी नोंद, जास्तीत जास्त प्रोफिशियन्सी बोनसइतके. एक खर्च केला की एक दार उघडतं, रोल नाही, आणि तो उपकार फिटला. नवा उपकार खेळात कोणाचं तरी काम करूनच मिळवायचा. रात्रभर झोपून परत मिळणारी ही गोष्ट नव्हे. तिसरी 'जामीन', दुसऱ्यासाठी स्वतःचा शब्द टाकणं. शब्द मोडला तर त्या गावात मान जातो, म्हणजे तिथे उपकार चालत नाहीत.

लढाईसाठी जुन्या नियमांतलं मोराल (धीर) उचला. १९८१ च्या बेसिक नियमांत राक्षसांचा एक आकडा असे, दोन सहाबाजूंचे फासे टाकायचे, बेरीज त्यापेक्षा जास्त आली की ते कच खातात. दूताला आपली ॲक्शन खर्चून ही तपासणी मागता येऊ द्या. तो शेवटपर्यंत खेळात राहतो, आणि शरण आलेले गॉब्लिन पुढच्या सेशनला कामाला येतात.

मोहिनी घालणाऱ्या स्पेल्स मात्र या क्लासला नकोत, असं माझं ठाम मत आहे. चार्म पर्सन ही मोहिनीची स्पेल संपल्यावर समोरच्याला कळतंच की आपल्यावर जादू झाली, आणि मग मान वगैरे सगळं मातीत. तसंच खेळाडूला स्वतः फर्डं बोलता आलंच पाहिजे हा हट्टही नको. दशावतारी नटाला रंगमंचावर संवाद सुचतात ती त्याची वर्षानुवर्षांची कमाई. 'मी हे मागतो, बदल्यात हे देतो' एवढं सांगितलं तरी पुरे.

तपासायला राजदरबार घेऊ नका. सामाईक जमीन घ्या: बंदर बांधायचंय, जागेला पाच वारस, एकाला पैसा हवा, एकाला देवळातला मान, दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, पाचवा परदेशी. सात-बारावर एकदा आपलं नाव असलं की अशी पात्रं आपोआप सुचतात. इथे +१० चा काही उपयोग नाही, पाचही खेळाडूंना कुठे ना कुठे जावंच लागतं.

प्रकाशित करायचं मनात असेल तर, मी वकील नाही, पण एसआरडी ५.१ (खेळाच्या मूळ नियमांचं संकलन) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेय (CC BY) ४.० परवान्याखाली खुलं आहे. श्रेय दिलंत की त्यावर आधारलेलं विकताही येतं. 'निर्णयापर्यंत कुठे दाखवू नका' अशी अट दिसली तर मुदत लेखी मागा, नाहीतर पाठवूच नका.

तुमच्यातला एकजण ट्रॉलरवर असतो असं लिहिलंयत. म्हणजे मोठी सेशन्स १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीतच होणार. त्याआधी कानोशाची तुमची प्रश्नयादी इथे टाका. आठापेक्षा जास्त प्रश्न नकोत, आणि 'हा खोटं बोलतोय का' हा प्रश्न त्यात ठेवू नका, त्यासाठी इनसाइट (समोरच्याचं मन ओळखण्याचं कौशल्य) आहे. यादी आली की एकेक प्रश्न बघून कळवतो.