चित्र बघताना वसाहती नजर ओळखायची कशी?

वसाहती नजर म्हणजे राज्य करायला आलेल्यांच्या डोळ्यांनी आपल्याकडे बघणं. चित्र सुंदर आहे का, हे नंतर बघा. आधी विचारा, ते कुणी काढवून घेतलं आणि कुणासाठी?

पुण्याचंच घ्या. टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाचा पेशवे दरबारातला प्रसंग इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलने रंगवला, तो १८०५ मध्ये, तहाच्या वेळी पुण्यात रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, असलेल्या चार्ल्स मॅलेटसाठी. डॅनियल त्या दरबारात नव्हता. ज्याच्या रेखाटनांवरून त्याने काम केलं तो जेम्स वेल्सही भारतात आला १७९१ मध्ये, म्हणजे तहानंतर! तरी पुस्तकांतून आपण ते डोळ्यांनी पाहिलेलं सत्य समजून बघतो. खरं तर तो मॅलेटने स्वतःच्या कामगिरीचा करून घेतलेला गौरव आहे.

आणि त्याच मॅलेटसाठी काम करणारा पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट? वेरूळची लेणी, पेशव्यांकडचा गेंडा त्याने जवळून पाहून काढले. ती चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुण्यात त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? मला हे फार लागतं.

आता पुण्याच्या केळकर संग्रहालयात जाऊन दिवे आणि अडकित्ते बघा. राजांची नावं बाजूला ठेवा, घडवणाऱ्या हातांचा विचार करत बघा.